पत्ता चुकलेले पत्रक : आज्ञावलीतून एक्सेल फाइली उघडताना घ्यावयाची दक्षता

उद्देश : शाळांकडून आलेली एक्सेल पत्रके संगणकाच्या आज्ञावलीने एकत्र करताना 'फाइल सापडली नाही' असा संदेश आल्यास त्याचे कारण शिक्षकांस स्वतः शोधता यावे व कोणतीही शाळा एकत्रित पत्रकातून गळू नये.

पूर्वज्ञान : संगणकावर फोल्डर उघडणे, फाइलीस नाव देणे आणि पायथन भाषेतील तयार आज्ञावली चालविणे.

सूचना : या पाठात आज्ञा व फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर आज्ञा रोमन लिपीतच टंकित कराव्यात.

१. प्रस्तावना

केंद्रातील प्रत्येक शाळेकडून पटाचे, उपस्थितीचे वा पोषण आहाराचे पत्रक एक्सेलमध्ये येते. ही पत्रके एकामागून एक उघडून त्यांतील आकडे हाताने उतरवून घेण्यात एक संध्याकाळ सहज जाते. अशा वेळी एखादे होतकरू शिक्षक पायथन भाषेत दहा-पंधरा ओळींची आज्ञावली लिहितात. ती सर्व पत्रके उघडते, ठरावीक रकान्यांतील आकडे वाचते व बेरीज मांडते. ही पद्धत चांगली आहे आणि तिचा प्रसार व्हावयास हवा.

परंतु पुष्कळांचा उत्साह पहिल्याच दिवशी मावळतो. फाइल डोळ्यांसमोर दिसत असते आणि संगणक मात्र 'फाइल नॉट फाउंड एरर' असा संदेश देऊन थांबतो. मग कोणी म्हणतात पत्रक बिघडले, कोणी म्हणतात संगणकच जुना झाला. बहुधा यांपैकी काहीही झालेले नसते. पत्रक जागेवर सुरक्षित असते. आज्ञावलीला दिलेला पत्ता तेवढा चुकलेला असतो. पत्ता चुकतो कसा व तो तपासावा कसा, याचा क्रमवार विचार या पाठात केला आहे.

२. पत्ता म्हणजे काय?

संगणकात फाइलीचे स्थान सांगणाऱ्या शब्दांच्या साखळीस 'पाथ' म्हणतात. आपण तिला पत्ता म्हणू. आपल्या परिसरातील दोन उदाहरणांनी ही कल्पना स्पष्ट होईल.

खालापूर तालुक्यात खोपोलीनजीक, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिळफाटा आहे. ठाणे जिल्ह्यातही कल्याणकडून येणारा रस्ता जेथे मुंब्रा-पनवेल रस्त्यास मिळतो, तेथे दुसरा शिळफाटा आहे. कर्जत तालुका रायगड जिल्ह्यात आहे, तसाच अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. नुसते 'शिळफाटा' वा 'कर्जत' म्हटल्याने ठिकाण निश्चित होत नाही. जिल्हा, तालुका, गाव असा क्रम दिला म्हणजे संशय राहत नाही.

शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक याच तत्त्वावर रचलेला आहे. त्यातील पहिले २ अंक राज्याचे, पुढील २ जिल्ह्याचे, त्यापुढील २ तालुक्याचे वा गटाचे, नंतरचे ३ गावाचे आणि शेवटचे २ शाळेचे असतात. महाराष्ट्रातील शाळेचा क्रमांक २७ ने सुरू होतो तो याच कारणाने. संगणकातील पूर्ण पत्ताही असाच मोठ्या घटकाकडून लहान घटकाकडे जातो. उदाहरणार्थ :

सी:\केंद्र\पटपत्रके\जुलै\पट.एक्सएलएसएक्स

यात 'सी' हा साठवणुकीचा विभाग, त्यानंतर एकात एक असलेले फोल्डर आणि अखेरीस फाइलीचे नाव आहे. या साखळीतील एक दुवा जरी चुकला तरी फाइल सापडत नाही.

नाव बदलले म्हणजे जुना पत्ता निरुपयोगी होतो, हेही ध्यानी घ्यावे. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. माणसे जुन्या नावाचे पत्र ओळखून योग्य स्थळी पोहोचवितात. संगणकाला असा समजूतदारपणा नाही. 'जुलै' या फोल्डरचे नाव कोणी 'जुलै जुना' असे केले, तर त्यातील प्रत्येक फाइलीचा जुना पत्ता त्याच क्षणी निकामी होतो.

३. पूर्ण पत्ता आणि सापेक्ष पत्ता

पुष्कळ आज्ञावलींत पूर्ण पत्त्याऐवजी केवळ 'पट.एक्सएलएसएक्स' एवढेच नाव लिहिलेले असते. हा सापेक्ष पत्ता होय. त्याचा अर्थ 'मी जेथे उभा आहे तेथून पाहा' असा होतो.

कर्जत-खोपोली लोहमार्गावर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी व खोपोली अशी स्थानके ओळीने येतात. खोपोलीकडे जाणाऱ्या गाडीत 'पुढील स्थानक' म्हटले, तर पळसदरीस त्याचा अर्थ केळवली होतो आणि डोळवलीस लौजी. शब्द तेच राहिले, उभे राहण्याची जागा बदलली, म्हणून अर्थ बदलला.

आज्ञावली ज्या फोल्डरमध्ये 'उभी' असते त्यास चालू फोल्डर म्हणतात. येथे पुष्कळांची गफलत होते. आज्ञावलीची फाइल ज्या फोल्डरात ठेवली आहे तोच चालू फोल्डर असेल, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात तो आज्ञावली कोठून सुरू केली यावर अवलंबून असतो. तिच्यावर दोनदा टिचकी मारून चालविली तर बहुधा तिचाच फोल्डर चालू फोल्डर होतो. काळ्या आज्ञा-खिडकीतून चालविली तर ती खिडकी ज्या फोल्डरात असेल तो. संपादकाच्या खिडकीतून चालविली तर पुष्कळदा तेथे उघडलेला मुख्य फोल्डर. ठरावीक वेळी आपोआप चालावयास लावली तर कदाचित विंडोजचा स्वतःचा फोल्डर. 'काल चालली, आज चालत नाही' या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते.

यावर उपाय सोपा आहे. आज्ञावलीच्या आरंभी 'ओएस.गेटसीडब्ल्यूडी' ही आज्ञा देऊन चालू फोल्डर पडद्यावर छापून घ्यावा. त्याहून उत्तम उपाय म्हणजे 'पाथलिब' या संचातील 'पाथ' वापरून आज्ञावलीच्या स्वतःच्या जागेपासून पत्ता बांधणे. त्यासाठी 'पाथ' यास आज्ञावलीच्या फाइलीचे नाव, म्हणजे दोन्ही बाजूंस दुहेरी अधोरेषा असलेला 'फाइल' हा शब्द द्यावा. 'रिझॉल्व्ह' करून त्याचा 'पॅरेंट' घ्यावा आणि त्यास पत्रकांचा फोल्डर जोडावा. मग आज्ञावली कोठूनही सुरू केली तरी पत्ता बदलत नाही.

४. उलट्या तिरप्या रेघेचा घोटाळा

विंडोज पद्धतीत फोल्डरांची नावे \ या उलट्या तिरप्या रेघेने वेगळी करतात. युनिक्स पद्धतीत / ही सरळ तिरपी रेघ पूर्वीपासून रूढ होती. १९८३ साली एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोय आली, तेव्हा सरळ रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात असल्याने उलटी रेघ स्वीकारण्यात आली. पुढे विंडोजनेही तीच चालू ठेवली.

पायथनमध्ये मात्र अवतरणचिन्हांच्या आत उलट्या रेघेस वेगळा अर्थ आहे. तिच्यापुढे रोमन 'एन' हे लहान अक्षर आले तर 'नवी ओळ' असा अर्थ होतो. 'टी' आले तर 'मोकळी उडी' असा होतो. फोल्डरचे नाव रोमन लिपीत 'नोंदी' वा 'तक्ते' असे असेल, तर त्याचे पहिले अक्षर रेघेबरोबर गिळले जाते व पत्ता मोडतो. 'युजर्स' या फोल्डरच्या आरंभीच्या मोठ्या 'यू' मुळे तर आज्ञावली सुरू होण्यापूर्वीच अडते.

शाळांच्या कामात विशेष फसविणारा प्रकार वर्षाच्या फोल्डरचा आहे. त्याचे नाव इंग्रजी अंकांत २०२५ असे असेल, तर रेघेपुढील २, ०, २ हे तीन अंक मिळून एक भलतेच चिन्ह तयार होते व ५ हा अंक एकटा मागे राहतो.

यावर तीन उपाय आहेत. त्यांपैकी कोणताही एक कायम ठेवावा :

(अ) आरंभीच्या अवतरणचिन्हापूर्वी रोमन 'आर' हे लहान अक्षर लिहावे. मग रेघ ही केवळ रेघच मानली जाते. मात्र अशा पत्त्याच्या अगदी शेवटी एकटी रेघ ठेवू नये.

(आ) प्रत्येक उलटी रेघ दोनदा लिहावी.

(इ) उलट्या रेघेऐवजी सरळ रेघ / वापरावी. पायथनमध्ये विंडोज ती निमूटपणे स्वीकारते. नवशिक्यांनी हाच मार्ग धरणे श्रेयस्कर.

विंडोजमध्ये 'कॉपी अ‍ॅज पाथ' या सोयीने फाइलीचा पूर्ण पत्ता आयता मिळतो. तो दुहेरी अवतरणचिन्हांसह येतो, हे विसरू नये. तो आज्ञावलीत आधीच लिहिलेल्या अवतरणचिन्हांच्या आत चिकटविल्यास चिन्हे दुबार होतात.

५. दिसते एक, असते दुसरे

पत्त्याची मांडणी शुद्ध असूनही नावात सूक्ष्म दोष असू शकतो. पुढील प्रकार वारंवार आढळतात.

शेपटीचा दोष : विंडोज परिचित प्रकारच्या फाइलींच्या नावाची शेपटी सामान्यतः लपविते. पडद्यावर 'पट' एवढेच दिसते. वस्तुतः ती फाइल 'पट.एक्सएलएस', 'पट.सीएसव्ही' वा 'पट.एक्सएलएसएक्स.एक्सएलएसएक्स' सुद्धा असू शकते. म्हणून फोल्डरच्या 'व्ह्यू' यादीतून फाइलींच्या शेपट्या दाखविण्याचा पर्याय प्रथम चालू करावा.

दुबार फाइलीचा दोष : तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवून घेतली की संगणक तिच्या नावापुढे कंसात १ जोडतो. आज्ञावली मात्र जुन्याच नावाची, म्हणजे कदाचित जुन्याच आकड्यांची फाइल वाचीत राहते. येथे संदेशही येत नाही, म्हणून हा दोष अधिक धोक्याचा आहे.

लेखनाचा दोष : एका शाळेने 'शिळफाटा' लिहिले, दुसऱ्याने 'शीळफाटा'. वाचणाऱ्यास दोन्ही एकच. संगणकास दोन भिन्न नावे. देवनागरी ७ व इंग्रजी सात हेही त्याच्या लेखी वेगळे अंक आहेत. नावातील दोन शब्दांमध्ये एका जागी दोन मोकळ्या जागा पडल्या तरी नाव बदलते.

अदृश्य चिन्हाचा दोष : हा दोष मराठीत विशेष आढळतो. 'दुसऱ्या सत्राचा पट' या नावातील 'ऱ्या' दोन प्रकारे टंकित होतो. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात. संगणकाच्या दृष्टीने ती दोन निराळी नावे होत. एका शिक्षकाने भ्रमणध्वनीवर नाव दिले व दुसऱ्याने संगणकावर आज्ञावलीत तेच टंकित केले, तर असा भेद पडू शकतो.

जागेचा दोष : 'डेस्कटॉप'वर ठेवलेली फाइल पुष्कळ संगणकांत 'वनड्राइव्ह' या फोल्डरच्या पोटातील डेस्कटॉपमध्ये असते. पेनड्राइव्हचे अक्षर आज 'ई' तर उद्या दुसऱ्या संगणकावर 'एफ' असते. झिप केलेला गठ्ठा उघडल्यावर फोल्डरसारखा दिसतो, परंतु तो सोडविल्याविना आज्ञावलीला त्यातील पत्रक त्या पत्त्यावर सापडत नाही.

६. तपासणीचा क्रम

दोष आढळल्यावर इकडचे-तिकडचे बदल करीत बसू नये. पुढील क्रम पाळावा.

पहिली पायरी : संदेशाची शेवटची ओळ पूर्ण वाचावी. तीत आज्ञावलीने शोधलेला पत्ता जसाच्या तसा असतो. तेथे उलटी रेघ दोनदा छापलेली दिसली तर घाबरू नये. दाखविण्याची ती रीतच आहे. जेथे ती एकदाच दिसते व पुढे 'एन', 'टी' किंवा 'एक्स' हे अक्षर येते, तेथे कलम ४ मधील घोटाळा झाला आहे असे समजावे.

दुसरी पायरी : संदेशाचा प्रकार ओळखावा. 'फाइल नॉट फाउंड' म्हणजे पत्त्याचा दोष. 'परमिशन एरर' म्हणजे बहुधा ती फाइल एक्सेलमध्ये उघडी आहे, किंवा फाइलीऐवजी फोल्डरचा पत्ता दिला आहे. 'बॅड झिप फाइल' म्हणजे पत्ता बरोबर असून फाइल खरी एक्सएलएसएक्स प्रकारची नाही. कारण त्या प्रकारची फाइल आतून एक झिप गठ्ठाच असते. 'वर्कशीट' सापडले नाही असे म्हटले असेल, तर फाइल उघडली असून आतील पानाचे नाव चुकले आहे.

तिसरी पायरी : चालू फोल्डर व पूर्ण झालेला पत्ता हे दोन्ही छापून घ्यावेत.

चौथी पायरी : पत्ता एकेक पायरी तपासावा. 'एक्झिस्ट्स' या आज्ञेने प्रथम 'सी:\' आहे काय, मग 'सी:\केंद्र' आहे काय, मग 'पटपत्रके', मग 'जुलै', अशी पृच्छा करावी. जेथे प्रथम 'नाही' असे उत्तर येईल, तेथेच दोष आहे. जिल्हा सापडला, तालुका सापडला, गाव सापडले नाही, इतके कळले म्हणजे शोध गावापुरता उरतो.

पाचवी पायरी : शेवटच्या सापडलेल्या फोल्डरातील सर्व नावे 'रेप्र' या आज्ञेने छापावीत. तिच्यामुळे नावाच्या दोन्ही टोकांस अवतरणचिन्हे येतात, जादा मोकळी जागा दिसते आणि अदृश्य जोडचिन्हही सांकेतिक रूपात उघडे पडते. मग आपण लिहिलेले नाव त्याच रीतीने छापून दोन्ही शेजारी ठेवावीत.

या पाच पायऱ्यांत बहुतेक दोष हाती लागतात. फाइल पुन्हा टंकित करण्याची वा शाळेकडे पुन्हा मागण्याची गरज सहसा पडत नाही.

७. गळालेली शाळा

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगावयाची आहे. संदेशाचा कंटाळा येऊन काही जण आज्ञावलीत 'फाइल न सापडल्यास पुढे जा' अशी तरतूद करतात. आज्ञावली मग बिनतक्रार शेवटपर्यंत जाते व सुबक बेरीज छापते. परंतु ती बेरीज खोटी असते.

समजा, केंद्रात १२ शाळा आहेत. त्यांपैकी ११ पत्रके उघडली व १ सापडले नाही. डोंगरउतारावरील वाडीची ती एकशिक्षकी शाळा असून तिचा पट १४ आहे. केंद्राच्या एकूण पटात १४ ची तूट पाहून कोणास संशय येणार नाही. मोठ्या शाळेचे पत्रक गळाले तर आकडा डोळ्यांत भरतो. लहान शाळेचे गळाले तर भरत नाही. म्हणून या चुकीचा भार जिची सर्वांत कमी दखल घेतली जाते, नेमका त्याच शाळेवर पडतो. पुढे धान्य, पुस्तके वा गणवेश यांची मागणी त्या एकत्रित आकड्यावरून गेली, तर १४ मुले कागदावर नाहीत अशी स्थिती होते. त्या वाडीच्या शिक्षकाने पत्रक वेळेवर पाठविले होते. दोष त्याच्या कामात नव्हता, पत्त्यात होता.

यास्तव एकत्रीकरणाच्या प्रत्येक आज्ञावलीत पुढील तीन गोष्टी असाव्यात. एक, केंद्रातील सर्व शाळांची यादी आज्ञावलीजवळ आधीपासून असावी; फोल्डरात जे सापडेल तेवढ्यावरच तिने समाधान मानू नये. दोन, अपेक्षित शाळा किती व उघडलेली पत्रके किती हे दोन आकडे बेरजेच्या वर छापले जावेत. तीन, न सापडलेल्या शाळांची नावे व शोधलेले पत्ते स्वतंत्र यादीत यावेत आणि ती यादी रिकामी होईपर्यंत एकत्रित पत्रक वर पाठवू नये. आपण वर्गात हजेरी घेतो ती हजेरीपटावरून घेतो. समोर बसलेल्या मुलांची नुसती मोजणी करून गैरहजर कोण हे कधी कळत नाही. तोच नियम येथे लावावा.

८. केंद्रासाठी शिफारस

(१) फाइलीचे नाव शाळेच्या यू-डायस क्रमांकाने द्यावे, त्यास महिना व वर्ष जोडावे. सर्व अंक इंग्रजी असावेत, मोकळ्या जागेऐवजी अधोरेषा वापरावी. शाळेचे मराठी नाव पत्रकाच्या आत शुद्ध लिहावे.

(२) पत्रकांचा मुख्य फोल्डर 'सी' वा 'डी' विभागात थोड्या पायऱ्यांवर ठेवावा. विंडोजमध्ये पत्त्याची लांबी सर्वसाधारणपणे २६० चिन्हांपुरती मर्यादित असते, हेही त्याचे एक कारण आहे.

(३) एक्सेलमध्ये फाइल उघडी असताना तिच्याशेजारी ~$ या चिन्हांनी सुरू होणारी तात्पुरती फाइल तयार होते. तिला पत्रक समजू नये. आज्ञावलीने ती वगळावी.

(४) पत्ता आज्ञावलीत एकाच ठिकाणी, अगदी आरंभी लिहावा. तो दहा ठिकाणी लिहिल्यास नऊ ठिकाणी बदलतो व दहाव्या ठिकाणी राहतो.

९. स्वाध्याय

१. आपल्या शाळेचा यू-डायस क्रमांक लिहून त्याचे पाच भाग पाडा. प्रत्येक भाग फाइलीच्या पत्त्यातील कोणत्या घटकाशी जुळतो ते सांगा.

२. एका फोल्डरात एकच पत्रक ठेवा. आज्ञावली प्रथम दोनदा टिचकी मारून व नंतर दुसऱ्या फोल्डरातील आज्ञा-खिडकीतून चालवा. दोन्ही वेळी चालू फोल्डर छापून फरक नोंदवा.

३. फाइलीच्या नावाच्या मध्ये मुद्दाम दोन मोकळ्या जागा सोडा. कलम ६ मधील पाच पायऱ्यांनी हा दोष कोणत्या पायरीस उघड होतो ते पाहा.

४. केंद्रसंमेलनात सहकाऱ्यांसमवेत चर्चा करा : आपल्या केंद्रातील कोणत्या शाळेचे पत्रक गळाल्यास ते बेरजेवरून कोणाच्याही लक्षात येणार नाही? त्या शाळेचे नाव यादीत सर्वप्रथम लिहून ठेवा.